शाळांसाठी फळे पुरविणेबाबत

सोमवार, ता. ४

टक्, आणि मग सर्रर्र. खडू फळ्याला टेकतो तो टक्. अक्षराचा पाय खाली ओढला जातो तो सर्रर्र. आज दुपारी कारखान्यात बसलो असताना हा आवाज इतका जवळून आला की मी मान वर करून पाहिलं. मिस्त्री बाकावर पाय पसरून पेंगत होता, बाकी कोणी नव्हतं. आवाज माझ्या तिसरीच्या वर्गातला होता.

गुरुजी कवितेची एकेक ओळ लिहायचे आणि आम्ही सगळे ती चालीवर म्हणायचो. फळा लहान, कविता लांब. शेवटचं कडवं लिहायला पहिलं पुसावं लागायचं. पुसलेल्या ओळी कुठे जातात, हा तेव्हा मला फार मोठा प्रश्न होता. पुढे मी फळे करायला लागलो ते त्या प्रश्नापायीच, असं मी लोकांना सांगतो. खरं कारण, वडील सुतार होते.

आता शाळांना गुळगुळीत पांढरे फळे लागतात, नाहीतर भिंतीवर चित्रं पाडणारं यंत्र. आमच्या काळ्या-हिरव्या लाकडी फळ्याला गिऱ्हाईक नाही. काल चिरंजिवांचा परगावाहून फोन आला. महिनाअखेरपर्यंत काम आलं नाही तर शेड फळशेठना भाड्यानं देऊन टाकायची, मिस्त्रीला मोकळं करायचं. फळशेठ म्हणजे मंडईतले फळांचे घाऊक व्यापारी. त्यांना माल साठवायला आणि पिकवायला जागा हवी आहे. सज्जन माणूस.

माझे हात कापायला लागल्यापासून कारखाना सूनबाईच बघते. ती चिरंजिवांना म्हणाली, "महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर. त्याआधी विषय काढू नका." मग माझ्याकडे वळून, "बाबा, आजपासून सरकारी निविदा वाचायचं काम तुमचं. मला वेळ नाही, आणि तुम्हाला वेळच वेळ आहे."

बोलणं जरा टोचलं. काम मात्र आवडलं.

बुधवार, ता. ६

निविदा म्हणजे काय ते सूनबाईनं पोळपाटावर आखून दाखवावं तसं टेबलावर बोटानं आखून दाखवलं. सरकारला वस्तू हवी असते. ते जाहीर सांगतं. ज्याला द्यायची असेल त्यानं दोन लिफाफे भरायचे. पहिल्यात आपण कोण आणि आपला माल कसा, दुसऱ्यात भाव. पहिला पसंत पडला तरच दुसरा उघडतात. हे सगळं हल्ली संगणकावर होतं, कागद नाही, डिंक नाही, तरी नाव लिफाफाच.

"म्हणजे लिफाफा गेला आणि शब्द राहिला," मी म्हटलं.

"बाबा, पुढे वाचा."

वाचतोय. शब्दांची मोठी गंमत आहे. 'समतुल्य', 'परिशिष्ट', 'शर्ती' अशा इस्त्री केलेल्या शब्दांच्या रांगेत मधेच 'बयाणा' बसलेला असतो, लग्नाच्या फोटोत पागोटं घालून बसलेल्या पणजोबांसारखा. आगाऊ रकमेसाठी बाजारातला जुना शब्द, पण त्याला उठवायची कोणाची छाती नाही. आणि प्रत्येक निविदेच्या शेवटी धृपदासारखं तेच वाक्य येतं: कोणतेही कारण न देता कोणतीही अथवा सर्व निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे. मी ते चालीवर म्हणून पाहिलं. 'नाकारण्याचा'पाशी ठेका मोडतो, पण ओढून बसवता येतं.

मिस्त्री म्हणाला, "माझे सासरे मला हेच म्हणाले होते, मालक. फक्त इतक्या शुद्ध भाषेत नाही."

शनिवार, ता. ९

सापडलं!

सूनबाईनं मला सरकारी संकेतस्थळावर शब्द घालून शोधायला शिकवलं आहे. 'फळा' घातलं की काही येत नव्हतं. आज सहज अनेकवचन घातलं. आणि पडद्यावर आलं: 'प्राथमिक शाळांसाठी फळे पुरविणेबाबत.' खाली वर्णन: 'फळे डागविरहित, टिकाऊ व समान आकाराचे असावेत. रंग हिरवा अथवा काळा. वर्गनिहाय पुरवठा करावा. नमुना सादर करावा.' वस्तूबद्दल एवढंच. बाकी पानंच्या पानं शपथपत्रांची.

मी सूनबाईला हाक मारली. तिनं वाचलं आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, विभाग: खाद्यपदार्थ.

"बाबा, ही खायची फळं आहेत."

"कुणीतरी चुकीच्या खणात टाकलंय. तू क्रियापद बघ. असावेत! खायची असती तर 'समान आकाराची असावीत' आलं असतं. ते फळे असावेत, ती फळे असावीत."

"आजकाल असावेत-असावीत कोण बघतं?"

"मी बघतो."

"तुम्हाला सोडून म्हणतेय मी."

मिस्त्रीनं मधे डोकं घातलं. "हिरवी नाहीतर काळी म्हणजे द्राक्षंच की, मालक."

"समान आकाराची द्राक्षं? सरकार काय मोजपट्टी घेऊन बसणार आहे?"

"सरकार कशालाही बसतं."

तोंडानं बोलताना हा घोटाळा होत नाही. खायची ती फळं, लिहायचे ते फळे. लहान मूलही चुकणार नाही. पण लिहिताना फळावरचं टिंब जातं, मात्रा येते, आणि दोघं जुळ्या भावांसारखे दिसायला लागतात. ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. इथे तेवढेही कष्ट नाहीत.

सूनबाई निघून गेली आणि पाणी प्यायच्या निमित्तानं परत आली. माझ्या खांद्यावरून पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "नमुना करायचा तर रंगाचे हात वाळायला वेळ लागतो." माझी समजूत काढायला म्हणाली असेल.

रविवार, ता. १०

फळशेठ शेड बघायला आले. भिंतीला हात लावून ओल पाहिली, झरोके मोजले. "हवा खेळती राहील ना? शाळा सकाळच्या असतात हो, माल अगदी लवकर निघायला हवा." व्यापाऱ्याला शाळेच्या वेळेचं काय, मला कळलं नाही. नातवंडं पोचवायची असतील.

मी त्यांना आनंदाची बातमी सांगितली. म्हटलं, "कदाचित शेड लागणारच नाही तुम्हाला. शाळांसाठी फळे हवे आहेत, आम्ही निविदा भरतोय."

त्यांचा कप ओठापाशीच थांबला. "तुम्ही? फळं?"

"फळे."

ते हसले, उरलेला चहा एका घोटात संपवला आणि घाईनं गेले. जाताना चप्पल उलटसुलट घातली. धंद्याच्या माणसाला नेहमी घाई.

गुरुवार, ता. १४

निविदापूर्व बैठकीला जाऊन आलो. भरण्याआधी कोणाला काही शंका असेल तर विचारावी म्हणून ही बैठक. सूनबाई मालाच्या दुकानात अडकली होती, म्हणून नमुना घेऊन मी एकटाच. हातभर लांबीचा हिरवा फळा, जुन्या चादरीत गुंडाळलेला. शिपाई म्हणाला, "आजोबा, चित्रांचं प्रदर्शन मागच्या इमारतीत."

लांब टेबल, ओळीनं खुर्च्या, पंखा एका बाजूला कललेला. खोलीत शिरताच गोड वास आला. सगळ्यांच्या मांडीवर नाहीतर पायाशी टोपल्या आणि खोकी. आणि त्यात कोण, तर फळशेठ! त्यांनी आपल्याशेजारची खुर्ची रिकामी करून दिली. मला एकट्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आला बिचारा, किती माया. मांडीवर खोकं होतं, त्यात कागदाच्या घरट्यांत फळं. चालून भूक लागली होती. मी एक उचललं आणि चावा घेतला. त्यांनी रिकाम्या घरट्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "नमुना होता तो."

"उत्तम नमुना आहे," मी म्हटलं.

साहेब आले. तरुण, डोळ्यांखाली काळं, हातात फाईल. "शंका?" एकानं विचारलं, वजनावर की नगावर. साहेब म्हणाले, प्रस्तावात नाही. दुसऱ्यानं विचारलं, सोललेली की सालासकट. साहेब म्हणाले, प्रस्तावात नाही. मग मी उभा राहिलो आणि चादर सोडली.

हशा पिकला. मागून कोणी ओरडलं, "आजोबा, बरं झालं आणलात, आम्ही त्यावर भाव लिहू!" मीही हसलो, वाक्य चांगलं होतं. पण साहेब हसले नाहीत. त्यांनी फाईल उघडून आपलीच निविदा वाचली, ओठ हलवत, पहिल्यांदाच वाचावी तशी.

"मागणी शाळांकडून आली," ते म्हणाले. "ती वर गेली, मंजूर होऊन खाली आली. मसुदा ज्यांनी केला त्यांची बदली झाली."

"मग फळे म्हणजे काय, ते इथे कोणाला ठाऊक आहे?"

"लेखी विचारा. उत्तर संकेतस्थळावर टाकू. सगळ्यांना दिसेल."

घरी येऊन सगळं सांगितलं. सूनबाई आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "बाबा, फळशेठ तुमच्या सोबतीला नव्हते आले. त्यांनाही तेच काम हवंय. शेड त्यासाठीच तर हवी आहे त्यांना."

मी बराच वेळ विचार केला. तरीच चप्पल उलटी घातली. आणि मी त्यांचा नमुना खाल्ला.

शुक्रवार, ता. १५

प्रश्न पाठवला. त्याआधी जे झालं तेही लिहून ठेवतो.

सूनबाईला विचारायचंच नव्हतं. "गप्प भरून टाकू. उत्तर सगळ्यांना दिसणार. फळे निघाले तर बाकीचे कारखानेही धावत येतील. आत्ता फळेवाले आपण एकटेच आहोत."

"आणि फळं निघाली तर?"

"तर पहिल्याच लिफाफ्यात बाद. महिनाअखेर तशीही आहेच."

"पण मला कळल्याशिवाय चैन पडणार नाही."

"तुम्हाला चैन पडावी म्हणून कारखाना नाही चालवत मी!"

मिस्त्री पाणी प्यायला बाहेर गेला. बाहेर पाणी नाही. थोड्या वेळानं तिनं खुर्ची पुढे ओढली. "सांगा. टाइप करते. सरळ लिहू या, खायची फळं की लिहायचे फळे?"

सरकारी कचेरीत असं मंडईत ओरडल्यासारखं लिहायचं? मी माझं वाक्य सांगितलं. काल वाटेत येतानाच जुळवलं होतं: 'निविदेतील फळे हे नाम पुल्लिंगी आहे की नपुंसकलिंगी, याचा खुलासा होऊन मिळावा.'

तिचं बोट बटणावर थांबलं. "बाबा, नक्की?"

"एकदा लिंग कळलं की अर्थ पाठोपाठ येतो. तिसरीत शिकवतात."

तिनं बटण दाबलं. वाक्य सुरेख झालं आहे. गुरुजी असते तर त्यांनी फळ्यावर लिहिलं असतं.

मंगळवार, ता. १९

उत्तर नाही. दर थोड्या वेळानं संकेतस्थळ उघडून बघतो. मिस्त्री म्हणतो, "सबुरीचं फळ गोड म्हणतात मालक, फळ्याला काय चव असते?" त्याच्या बायकोनं दुसरीकडे काम बघायला सांगितलंय, असं तो हसत हसत म्हणाला. हसत हसत का सांगितलं कोण जाणे.

पुसलेल्या ओळींबद्दल आज पुन्हा विचार आला. त्या डस्टरमध्ये जातात, हे उत्तर मला चौथीत मिळालं होतं. पटलं नव्हतं.

सोमवार, ता. २५

शुद्धिपत्रक क्रमांक एक आलं. जसंच्या तसं उतरवतो: 'निविदेतील "समान आकाराचे असावेत" याऐवजी "समान आकाराची असावीत" असे वाचावे. इतर सर्व अटी व शर्ती कायम.' त्याखाली माझा प्रश्न, माझं नाव, कारखान्याचा पत्ता.

आधी मला खरोखर आनंद झाला. त्या कचेरीत नपुंसकलिंगाचं अनेकवचन जाणणारा माणूस आहे! मग हळूहळू बाकीचं ध्यानात आलं.

सूनबाई म्हणाली, "फळे की फळं, हे त्यांनी पाहिलंच नाही. तुम्ही व्याकरणाची चूक दाखवलीत, त्यांनी ती सुधारली. वर खाद्यपदार्थ लिहिलेलं होतंच, त्याला जुळवून टाकली." मग थांबून, "पैकीच्या पैकी गुण, बाबा."

फोनवर चिरंजीव म्हणाले, "झालं समाधान?" मी हो म्हटलं. खोटं बोललो असंही नाही. ठाऊक नव्हतं ते ठाऊक झालं, आणि त्यापायी कारखाना गेला. 'खायची की लिहायचे' असं विचारलं असतं तर साहेबांना निदान कोणाला तरी फोन करावा लागला असता. मी त्यांना खोडरबर हातात दिलं. सुंदर वाक्याचा मोह वाईट. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं माझं. साधा प्रश्न जिभेवर होता आणि मी व्याकरणाला वळसा घालून आलो.

गुरुवार, ता. २८

फळशेठ माप घेऊन गेले. शनिवारी किल्ली न्यायला येतील. माझ्याशी फार गोड बोलले. "तुमचं टेबल कोपऱ्यात राहू द्या, आजोबा. वाचत बसा. फळं खात बसा." शेवटचं म्हणताना डोळे मिचकावले. मला हसू आलं, त्यांनाही आलं. वैर धरायला माणूस जरा तरी वाईट असावा लागतो.

मिस्त्री रंधे, पटाशा पेट्यांत भरतोय. एकेक हत्यार तेल लावून, फडक्यात गुंडाळून, सावकाश. मी म्हटलं, "घाई कर, शनिवार परवावर आलाय." तो म्हणाला, "करतोय की घाईच." कसली घाई! संध्याकाळपर्यंत एक पेटी झाली.

सूनबाई खिडकीशी नमुन्याचा फळा घेऊन बसली होती. खडू आडवा धरून सगळ्या फळ्यावर माखत होती, मग पुसत होती, पुन्हा माखत होती. मी विचारलं, विकायचाय का? नाही म्हणाली.

"मग?"

"नवा फळा खडूनं माखून पुसल्याशिवाय त्यावर पहिलं अक्षर काढू नये. नाहीतर ते अक्षर कायमचं राहतं. तुम्हीच शिकवलंत."

खरं आहे, मीच शिकवलं. पण कुठेच न जाणाऱ्या फळ्याला एवढं कशाला? विचारलं तर ती म्हणाली डोळ्यांत धूळ गेली, आणि तोंड धुवायला गेली. खडूच्या धुळीची तिला इतक्या वर्षांत सवय झाली नाही याचं नवल वाटलं.

शनिवार, ता. ३०

सकाळी मी, सूनबाई आणि मिस्त्री तिघंही शेडमध्ये होतो. बाकं भिंतीला लावलेली, पेट्या दाराशी रचलेल्या, किल्ली सूनबाईच्या मुठीत. दारावर थाप पडली. फळशेठ लवकर आले असं समजून मीच दार उघडायला गेलो.

बाहेर एक बाई होत्या. मध्यम वय, खांद्याला जड पिशवी, चालून दम लागलेला. त्यांनी हातातल्या फोनकडे पाहिलं, मग दारावरच्या पाटीकडे, मग माझ्याकडे.

"पुल्लिंगी की नपुंसकलिंगी विचारणारे तुम्हीच का?"

मी म्हटलं, मीच. आणि क्षमा मागायच्या तयारीला लागलो, कारण स्वर शिक्षिकेचा होता.

"मी शाळेत भाषा शिकवते. तुमचा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी वाचला. खूप हसले. मी म्हटलं, हसू नका, असं विचारणारा माणूस फळे करणाराच असणार. फळं विकणाऱ्याला अशी शंका कशाला येईल?" त्यांनी श्वास घेतला. "आम्ही फळे मागितले होते हो. मागणी मी स्वतः लिहिली आहे. पांढऱ्या फळ्याच्या शाया वाळतात, परत मिळत नाहीत, मुलं भिंतीकडे बघत बसतात. खडूचे फळे द्या म्हणून लिहिलं. आता टोपल्या येणार म्हणे!"

मागितले होते, म्हणाल्या. माझ्या कानांनी ऐकलं.

"काल मी कार्यालयात गेले. साहेब भले आहेत, ऐकून घेतलं. पण म्हणाले, लाकडी फळे करणारं आता कुणी उरलेलंच नाही, निविदा काढून भरणार कोण? मी म्हटलं, एक आहेत. ते म्हणाले, चालू कारखाना दाखवा, मी सोमवारी स्वतः बघायला येतो. दिसला तर ही निविदा मागे घेऊन फळ्यांची नव्यानं काढतो. मग ती कोणालाही भरता येईल, तुम्हालाच मिळेल असं काही नाही, हेही त्यांनी सांगायला सांगितलंय." त्यांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. "चालू आहे ना कारखाना?"

मी मागे वळून पाहिलं. बाकांवर काही नव्हतं. भुसासुद्धा झाडून टाकलेला. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि खरं काय ते समोर रचलेलं होतं. मी 'त्याचं असं आहे' अशी सुरुवात केली.

"चालू आहे," मागून सूनबाई म्हणाली. तिनं किल्ली कमरेला खोचली. "मिस्त्री, पेट्या खोला. आणि बाबा, दारात उभे राहू नका, बाईंना आत येऊ द्या."